न झालेल्या आजाराचं आमंत्रण

जो आजार अजून झालेलाच नाही, तो होऊ नये म्हणून एखाद्या मुलीला बोलवायचं कसं? आजारही असा, की सुरुवातीला तो आजार वाटतच नाही. दोन किलो वजन उतरलं की मैत्रिणी कौतुक करतात, जुने कपडे सैल होतात, जेवण टाळणं म्हणजे मनावरचा ताबा वाटू लागतो. ॲनोरेक्सिया, बुलिमिया यांसारख्या खाण्याच्या विकारांची सुरुवात अनेकदा अशी कौतुकातच होते.

मे महिन्यात घर शाकारायला कुणाला सांगावं लागत नाही, कारण मृग कधी लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. या आजाराला मृग नाही. तरीही त्याच्या आधीच दार ठोठावणारी माणसं आहेत, आणि त्यांची धडपड थक्क करणारी आहे!

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बार टेलर आणि सहकाऱ्यांनी ‘स्टुडंट बॉडीज’ नावाचा कार्यक्रम तयार केला. आठ आठवडे घरबसल्या वाचायचं, आपल्या शरीराबद्दल मनात येईल ते डायरीत लिहायचं, इतर मुलींशी ऑनलाइन गप्पा मारायच्या. आता प्रश्न उरला, यात घ्यायचं कुणाला?

त्यासाठी हाताशी होती पाच प्रश्नांची एक प्रश्नावली. फक्त पाच! वजन दीडएक किलोने वाढलं तर किती भीती वाटेल? आयुष्यातल्या इतर गोष्टींच्या मानाने वजन किती महत्त्वाचं? शेवटचं डाएट कधी केलं होतं? अशा उत्तरांना 0 ते 100 गुण मिळतात. रक्ततपासणी नाही, वजनकाटा नाही. तरीही कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलींचा काही वर्षं माग काढल्यावर दिसलं, की वजनाची धास्ती जास्त असलेल्या मुलींना पुढे विकार जडण्याचा धोकाही जास्त होता.

प्रश्न सोपे, पण ते योग्य मुलीपर्यंत पोचवणं? जर्मनीतला एक प्रयोग पाहा. ड्रेस्डेनच्या कोरिना याकोबी आणि सहकाऱ्यांना ॲनोरेक्सियाच्या उंबरठ्यावरच्या 11 ते 17 वर्षांच्या मुली शोधून त्यांच्या पालकांना ऑनलाइन कार्यक्रमात आणायचं होतं. 86 शाळांत 12,377 प्रश्नावल्या वाटल्या. संमतीसह परत आल्या 3,941. त्यांत धोका दिसला 477 मुलींना. संपर्क होऊ शकला 256 जणींशी. आणि शेवटी सहभागी झाली 66 कुटुंबं! म्हणजे जवळजवळ 188 कागद वाटावेत, तेव्हा एक कुटुंब हाती लागतं.

मग हे गळणं थांबवायचं कसं? इथे शब्द कामाला येतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांनी ‘बॉडी प्रोजेक्ट’ या अशाच प्रतिबंधाच्या कार्यक्रमासाठी मुलींना बोलावलं ते ‘आपल्या शरीराबद्दल खंत वाटते का?’ अशा अर्थाच्या पत्रकांनी. पत्रकातला भर होता शरीराचा स्वीकार करण्यावर. आजाराच्या नावाने दचकणारी मुलगी या प्रश्नाला मात्र मनातल्या मनात ‘हो’ म्हणते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ तपासणी झालेल्या मुलींच्या तुलनेत या कार्यक्रमातल्या मुलींना तीन वर्षांत विकार जडण्याचा धोका 60 टक्क्यांनी कमी होता. तेव्हा या कार्यक्रमातल्या मुली गटागटाने समोरासमोर बसत. पुढे त्याची ऑनलाइन आवृत्तीही आली.

दुसरी किल्ली म्हणजे मदत लगेच हाताशी असणं. अमेरिकेतल्या 27 विद्यापीठांत, विकार आधीच जडलेल्या 690 विद्यार्थिनींवर झालेला प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ऑनलाइन कार्यक्रमच देऊ केला, त्यांच्यातल्या 83 टक्के जणींनी तो सुरू केला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसाठी जायला सांगितलं, त्यांच्यातल्या जेमतेम 28 टक्के पुढे सरकल्या. मदत हाताशी असणं आणि ‘तिकडे जा’ असं सांगणं, यात केवढी दरी!

एवढा खटाटोप सार्थकी लागतो का? ‘स्टुडंट बॉडीज’च्या 480 तरुणींच्या चाचणीत सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक ठोस नव्हता. पण ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 25 किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात चमत्कार वाटावा असं घडलं: कार्यक्रम केलेल्यांपैकी एकीलाही विकार जडला नाही. न केलेल्यांत दोन वर्षांत हे प्रमाण 11.9 टक्क्यांवर गेलं होतं. न झालेला आजार कुणाला दिसत नाही, पण आकड्यांत तो असा उमटतो.

म्हणून शाळा-कॉलेजातून असं एखादं पत्रक घरी आलं, तर ‘आमच्या मुलीला काय धाड भरलीय?’ म्हणून बाजूला टाकू नका. आणि घरात कुणाला जेवणाची, वजनाची धास्ती आत्ताच जाणवत असेल, तर पत्रकाची वाटही पाहू नका. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ला 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.