ग्वाल्हेर दोन दिवसांत

हजीरा : एकाच आवारात दोन कबरी. जाळीदार भिंतींची भव्य इमारत तानसेनाची नव्हे, सूफी संत महंमद गौस यांची. अनेकांची इथेच फसगत होते. तानसेनाची कबर शेजारी, साध्या उघड्या मंडपात. तानसेन समारोह डिसेंबरात.

किल्ला : दोन वाटा. पश्चिमेच्या उरवाई दरवाजातून गाडी जाते. वाटेत कातळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती. पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा पायी चढायचा. दमछाक होते, पण गुजरी महालातले संग्रहालय (सोमवारी बंद) आणि चतुर्भुज मंदिर याच बाजूला. मंदिरातल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे गोल शून्यासह कोरलेले आहेत. माथ्यावर मानसिंह तोमरांचा (१४८६–१५१६) मान मंदिर महाल, तेली का मंदिर, सास-बहू मंदिरे.

लष्कर : १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले शहर. जयाजीरावांचा जयविलास महाल १८७४चा.

फूलबाग : राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले.

प्रवास : मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो.