विजेचा खुला बाजार आणि मुळा-प्रवरेचा धडा

कापड खरेदी करताना आम्ही व्यापारी सुताचा भाव, मजुरी आणि गाडीभाडे यांचा हिशेब लावतो. विजेचा भाव सहसा कोणी विचारात घेत नाही. वास्तविक भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग विजेवरच चालतात. तेथे युनिटचा दर वाढला की आमच्या दुकानात येणारा तागाही महाग होतो. दुकानाचे बिल तर वेगळेच. म्हणून विजेचा कारोबार कसा चालतो हे समजून घेणे जरूर आहे.

वीज तीन हातांतून आपल्यापर्यंत येते. एक ती तयार करतो, दुसरा वाहून आणतो, तिसरा घरोघरी विकतो. १९४८ च्या कायद्यानुसार राज्याराज्यांत मंडळे झाली. आपल्याकडे १९६० पासून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ मुंबईसारखे काही भाग सोडून ही तिन्ही कामे करीत असे. गिरणी त्यांची, गाडी त्यांची आणि दुकानही त्यांचेच!

१९९१ नंतर वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. त्यातून दाभोळला एन्रॉनचा प्रकल्प आला. १९९९ मध्ये तेथील वीज मिळू लागली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणे बंद केले, कारण दर परवडेना. माल कमी उचलला तरी ठरलेला स्थिर आकार भरावा लागे, असा तो करार होता. विकणारा एक, घेणारा एक, तेथे स्पर्धा कसली? खासगी मालक आला म्हणजे माल स्वस्त होतोच असे नाही, हे त्या वेळी कळले.

पुढे १९९८ च्या कायद्याने दर ठरविण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे देण्याची वाट खुली झाली आणि १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. २००८ पासून विजेची घाऊक खरेदी-विक्री करणारा बाजारही सुरू झाला. मोठ्या कारखान्यांना त्यातून वीज घेता येते. २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटपासूनच्या ग्राहकांना हरित वीज बाहेरून घेण्याची मुभा दिली. किरकोळ दुकानदार मात्र या दारातून आत जाऊ शकत नाही.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर देशात प्रयोग म्हणून ज्या पाच वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत मुळा-प्रवरा ही एक होती. श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या तालुक्यांतील गावांना ती ४० वर्षे वीज देत होती. मंडळाकडून ठोक भावाने घ्यायची आणि सभासदांना किरकोळीने विकायची, असा तिचा व्यवहार. ग्राहकांत शेतीपंप फार. पंपाचा दर कमी, वसुली अवघड आणि ठोक खरेदीचे देणे मात्र चढतच गेले. आपल्याला लावलेला ठोक भावच जास्त आहे, असे संस्थेचे म्हणणे होते. थकबाकी २,००० कोटी रुपयांच्या पुढे गेली.

३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपत होती. संस्था आणि महावितरण दोघांनीही अर्ज केले. आयोगाने महावितरणला पसंती दिली आणि १ फेब्रुवारीपासून त्या गावांचा पुरवठा महावितरणकडे गेला. संस्थेच्या तारा-खांबांच्या वापराचा मोबदला किती, हा वाद नंतर वरच्या न्यायाधिकरणापर्यंत गेला.

व्यापाऱ्याला यातील मर्म सांगायला नको. रोखीने घेऊन उधारीवर विकणारे दुकान फार दिवस चालत नाही, मग मालक सरकार असो, सहकार असो की खासगी कंपनी. मुंबईत २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपनगरांतील ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे मात्र ग्राहकाला महावितरण हे एकच दुकान.

जेथे गिऱ्हाईक दुकान बदलू शकत नाही, तेथे त्याच्या बाजूने भाव तपासणारा कोणी तरी हवा. ते काम आयोगाचे. कायद्याच्या कलम ६४ नुसार दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेणे त्याला बंधनकारक आहे. बिलाची तक्रार असेल तर आधी कंपनीकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते.

दरवाढीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि आम्ही पान उलटतो. मोठे कारखानदार मात्र हिशेब मांडून सुनावणीला हजर असतात. पुढच्या वेळी बाजारातील चार दुकानदारांनी एकत्र बसून, आपली बिले जोडून एक लेखी हरकत जरूर पाठवावी. नुसते दुकानात बसून दरवाढीची कुरकुर केल्याने बिलातील एक पैसाही कमी होत नाही.