खजिना शोधत चौपाटीपर्यंत

“रोज अर्धा तास चाला,” असे डॉक्टर सांगतात. आपल्या वस्तीतली बाई विचारते, चालू कुठे? गल्लीत पाण्याची पिंपे, मोटारसायकली, वाळत घातलेले कपडे. मुख्य रस्त्यावर फुटपाथ म्हणावा तसा नाही. शिवाय रिकाम्या हाताने बाहेर पडले की कोणीतरी विचारतेच, “कुठे निघालीस?” कामाशिवाय घराबाहेर पडायची सवय आपल्या आयाबहिणींना कधी लागूच दिली नाही. म्हणून चालण्याला एखादे काम जोडून द्यावे लागते. आम्ही जोडलेले काम होते खजिना शोधण्याचे.

हा खेळ अमेरिकेतला, नाव जिओकॅशिंग. आपल्या मोबाईलला जागा कळते ती जीपीएसच्या उपग्रहांमुळे. ही यंत्रणा अमेरिकी लष्कराची. सामान्य माणसाला मिळणारा संकेत पूर्वी मुद्दाम बिघडवून दिला जाई आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी ही अडवणूक थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन राज्यात झाडीत एक बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तके, एक बेचकी असे काहीबाही सामान घातले आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा, एक वस्तू घ्या, एक ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. आज जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत. समुद्रकाठच्या पायवाटांवर तर घरची घरे मुलाबाळांसह डबे शोधत चालतात.

विहारात येणाऱ्या मुलांना हे सांगितले, तर त्यांनी लगेच पेढ्यांचा रिकामा डबा काढला. जागा ठरली मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीकडे समुद्राला लागून जाणारा हा रस्ता साधारण साडेतीन किलोमीटरचा. तिकीट नाही, फाटक नाही. पण कठड्याशी डबा ठेवताच एका शिपायाने हटकले. त्याचे विचारणे चूक नव्हते. मुंबईने बॉम्बस्फोट सोसले आहेत, इथे बेवारस डबा ठेवूच नये. परदेशातही अशा डब्यापायी बॉम्बशोधक पथक धावून आल्याच्या घटना आहेत. मात्र “राहता कुठे?” याचे उत्तर ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला. तो बदल मुलांनी बरोबर ओळखला. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. “आपण परत जायचेच कशाला?” असे एकाने विचारले, तेव्हा मात्र पुन्हा जायचे हे पक्के झाले.

याच खेळात बिनडब्याचाही एक प्रकार आहे. दिलेल्या जागी पोचायचे आणि तिथे जे मुळातच आहे ते पाहून प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायचे. लपवायचे काही नाही, तेव्हा कोणी अडवायचा प्रश्न नाही. मोबाईलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवला तर जागा शोधायला इंटरनेटही लागत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला चर्चगेटला उतरलो. पाच प्रश्न होते. समुद्राकडच्या सिमेंटच्या ठोकळ्यांना पाय किती? (चार. ते एकमेकांत अडकतात आणि लाटेचा जोर मोडतात. त्यांच्यावर उतरायचे नाही, शेवाळाने पाय घसरतो.) प्रत्येक थांब्यावर आणखी एक काम दिले होते, नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची आणि वहीत लिहायची. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग शरीराला उपयोगी. अशी चाल मोठ्यांना आठवड्यात किमान दीडशे मिनिटे हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून मधुमेह्याला तिचा फायदा जास्त. आमच्याबरोबरच्या एक मावशी दवाखान्याचा जिना चढताना दोनदा बसतात. त्या उत्तरांच्या नादात चौपाटीपर्यंत आल्या आणि मगच म्हणाल्या, “पाय दुखतायत गं.”

चौथा प्रश्न रस्त्यापलीकडचा होता. तिथे जिमखान्यांची ओळ आहे. त्यातल्या हिंदू जिमखान्याची पाटी शोधायची आणि तिथून खेळलेल्या आपल्या गोलंदाजाचे नाव सांगायचे. कोणाला आले नाही. पळवणकर बाळू हे ते नाव. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात त्यांना चहा मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले नाही. ते पुढे त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. तरुण बाबासाहेबांना बाळूंचे मोठे कौतुक होते. १९३७ च्या निवडणुकीत याच बाळूंना काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते हरले, हेही मुलांना सांगितले. अर्धाच इतिहास सांगू नये. मुले त्या पाटीपुढे बराच वेळ उभी होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज बिस्किटे ठेवावीत. घाम सुटला, हात थरथरले तर तिथेच बसून साखर खावी. रबरी चप्पल नको, पाय झाकणारे बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे नीट तपासा. छातीत दुखते किंवा दम लागतो अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात भरतीची वेळ टाळा. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे निघण्याआधी पाहून ठेवा. बायका पाणी कमी पितात ते याच भीतीने. रस्ता सिग्नलवरच ओलांडा. परतीला चर्नी रोड स्टेशन जवळ पडते.

पुढचा मार्ग दादरचा, चैत्यभूमीपासून निघून किनाऱ्याने. प्रश्न या वेळी मुलांनी काढायचे आहेत. अट एकच, उत्तर त्या जागी उभे राहून वाचता किंवा मोजता आले पाहिजे. मावशींनी दोन प्रश्न आधीच लिहून दिलेत, पण उत्तरे सांगत नाहीत.