टेलवाल्यांचं मत

कालव्याच्या दाराशी पाणी घोंघावतंय. उन्हाळी आवर्तन चालू आहे. इथून फुटणाऱ्या लघुवितरिकेला गावात सगळे मायनरच म्हणतात. तोंडाशी काँक्रीटची अरुंद मोजणीची जागा आहे, भिंतीवर आकडे रंगवलेली पट्टी. पाण्याचा हिशेब क्युसेकमध्ये; एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. काठाला उसाचं हिरवंगार रान.

आज पाणी वापर संस्थेचं मतदान आहे. हेडची, म्हणजे मायनरच्या तोंडाकडची, मंडळी निवांत आहेत. लिंबाखाली मोटारसायकली, स्टोव्हवर चहा. “या, बसा. बिनविरोधच करायचं होतं आम्हाला. टेलवाले, ते पार शेवटचे, ऐकंनात.” कप हातात येतो. बिनविरोध निवडीचं आपल्याकडे फार कौतुक. पण टेलच्या जागेवर कोण बसणार, हेसुद्धा पुष्कळदा अशाच लिंबाखाली ठरतं.

मायनरच्या भरावावरून खाली निघतो. ऊन चढलंय, चपलेतून चटके बसतात. अस्तराला जागोजागी भेगा, भेगांत हरळी. एका वळणावर काळा पाइप पाण्यात सोडलाय, दुसरं टोक उसात गडप. सोबतचा पाटकरी तिकडे बघतही नाही. “तिथं कोण बोलणार दादा?” एवढंच म्हणतो. ऊस संपतो, कांद्याची मोकळी रानं लागतात. पाणी आता पिंढरीपर्यंतही नाही.

मध्यावर जिल्हा परिषदेची शाळा. पडवीत रांग, रांगेत सावलीसाठी ढकलाढकली. पंखा आहे, वीज नाही. टेबलावर मतदारयादी. शीर्ष, मध्य, पुच्छ असे मायनरचे तीन भाग, आणि संचालक तिन्ही भागांतून सारख्याच संख्येने. 2005च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने ही वाटणी घालून दिली आहे. अध्यक्षपदही तिन्ही भागांत फिरतं. अर्धा एकरवाल्याला एक मत, वीस एकरवाल्यालाही एकच. रांगेत दोघं मागेपुढे उभे आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

एक बाई यादीवर बोट फिरवते. नाव नाही. “सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे ना, ताई,” टेबलामागून उत्तर येतं. “अहो, रात्रीचं बारं मीच देते! ते तर खाटेवरून उठत नाहीत.” मागचे हसतात. ती हसत नाही. संचालक मंडळात बायकांसाठी राखीव जागा आहे. त्या जागेवर जी निवडून येईल, तिचं नाव मात्र सातबाऱ्यावर हवं. पुरंदर तालुक्यात 1970च्या दशकात पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं गेलं, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही हक्क होता. तो हिशेब या टेबलावर आला असता, तर यादी निराळीच निघाली असती.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टेलचे लोक उतरतात. पंचवीसतीस जण, केस धुळीने पांढरे. रिकाम्या ट्रॉलीतून मी त्यांच्या रानाकडे जातो.

इथे मायनर म्हणजे बाभळींमधली कोरडी नाळ. तळाला गाळाच्या खपल्या, त्यांवर शेळ्यांचे खूर. ज्वारीची धसकटं, मोकळा गोठा. “पाणी येत नाही असं नाही,” बांधावरचे आजोबा म्हणतात. “येतं. आवर्तन बंद व्हायच्या आदल्या रात्री.” पाळी टेलकडून सुरू करून हेडकडे न्यायची, अशी रीत सांगितली जाते. आजोबांना ती पाठ आहे.

संध्याकाळी शाळेत मोजणी. चिठ्ठ्यांच्या गड्ड्या, मोबाइलचे उजेड, डास. टेलच्या जागेवर लिंबाखालच्या मंडळींचा माणूस पडतो. एक तिशीतला कोरडवाहू शेतकरी थोड्या मतांनी येतो. गुलाल उडतो, तोही थोडाच. हेडचे दोन जुने संचालक त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. “आता सगळे मिळून चालवू.”

तो सचिवाकडे वळतो. “पाळीपत्रक कुठंय?”

“पहिल्या बैठकीत ठरवू. पंधरा दिवसांनी.”

“तोवर आवर्तन संपतं, भाऊ. बैठक उद्याच लावा. आणि शाळेत नको, टेलला लावा.”

टेलला बसायला जागा कुठे आहे, असं कोणीतरी विचारतं. त्यावर पुन्हा आवाज चढतात.