दिवस कुणी मोजायचे आणि कशासाठी?

मालवणच्या किनाऱ्यावर दिवस मोजायला कुणाला शिकवावे लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे शाळेची पायरी न चढलेल्या खलाशालाही ठाऊक असते. त्याच घरातल्या बाईचे दिवसही मोजले जातात. 'कावळा शिवला' की चार दिवस ती चुलीला, पाण्याला, देवघराला लागायची नाही, हा हिशेब सासू ठेवते, शेजारीण ठेवते, घरातली पोरेही ठेवतात. मात्र मूल कोणत्या दिवसांत राहते, हा हिशेब तिला कुणी सांगत नाही. विटाळाचे चार दिवस साऱ्या वाडीला माहीत आणि गर्भधारणेचे सहा दिवस तिचे तिलाच माहीत नाहीत! ही व्यवस्था आपोआप झालेली नाही.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस धरायचा. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते. 'चौदाव्या दिवशी' असे जे सरसकट सांगितले जाते, ते २८ दिवसांच्या चक्रापुरते. चक्र ३२ दिवसांचे असेल तर तो दिवस अठराव्याच्या आसपास येतो, २४ दिवसांचे असेल तर दहाव्याच्या. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस गर्भधारणेचे.

पाळी दर महिन्याला घड्याळासारखी येत नाही. म्हणून निदान सहा महिने तारखा लिहून ठेवाव्यात. सर्वांत लहान चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करावेत. चक्र २६ ते ३१ दिवसांचे असेल तर आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंतचा काळ शक्यतेचा धरायचा. शरीरही खूण देते. त्या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. कित्येक बायका त्यालाच रोग समजून लाजेने लपवतात. तो रोग नव्हे. दुर्गंधी किंवा खाज असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

हे न कळल्याची किंमत आपल्या जिल्ह्यात कोण मोजते? चाकरमान्याची बायको! नवरा मुंबईला, ती गावी. तो येतो गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात. समजा, गणेश चतुर्थीलाच तिची पाळी आली आणि नवरा सातव्या दिवशी गाडीत बसला. तिचे चक्र २८ दिवसांचे असेल, तर तिचे सहा दिवस साधारण नवव्या दिवसापासून सुरू होतात. म्हणजे तो गेल्यावर! अशी तीन-चार वर्षे गेली की तिच्या नावापुढे 'वांझ' लागते. मग कौल लावा, गाऱ्हाणे घाला, भगताकडे न्या. पंचांग सगळे पाहतात, तिच्या पाळीची तारीख कुणी पाहत नाही. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करा म्हटले की घरातले पुरुष उठून जातात. वास्तविक योग्य दिवस साधूनही वर्षभरात मूल राहिले नाही (बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत), तर दोघांचीही तपासणी झाली पाहिजे. दोष पुरुषातही असू शकतो. त्याची तपासणी सोपी आणि कमी खर्चाची आहे.

दिवस मोजण्याचे हे काम धर्मशास्त्राने फार पूर्वी आपल्या हाती घेतले होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. पहिल्या चार वर्ज्य, अकरावी आणि तेरावी वर्ज्य, उरलेल्या दहा प्रशस्त. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी! ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्यात बाईच्या शरीराचे वेळापत्रक असे पुरुषाच्या सोयीने लिहिलेले होते. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतील गुणसूत्र ठरवते, रात्रीचा आकडा ठरवत नाही.

हा इतिहास झाला असे समजू नये. सम तिथीला संग केल्यास मुलगा होतो, अशा आशयाचे वक्तव्य केल्यावरून कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्याविरुद्ध २०२० मध्ये संगमनेरच्या न्यायालयात प्रकरण दाखल झाले. सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये ते रद्द केले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये तो आदेश फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. दोषी की निर्दोष हा खटल्याचा भाग. आपल्यासाठी मुद्दा हा की लिंगनिवडीला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याचे कलम २२ अशा प्रचाराला लागू होते का, हा प्रश्न न्यायालयाने गंभीरपणे घेतला.

याच्या उलट दुसरी परंपरा आहे आणि ती आपली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराविषयीच्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका नोंदली गेली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. कोण काळाच्या पुढे होते, हे सांगणे न लगे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. मूल हवे असेल तर ही मोजणी उपयोगी आहे. मूल नको असेल तर केवळ तिच्यावर विसंबू नये. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ नंतर नेमका हाच प्रयोग केला. बायकांना हिरव्या-लाल मण्यांच्या माळा दिल्या. हिरवा मणी सुरक्षित दिवस, लाल मणी धोक्याचा. प्रयोग फसला. बायका अडाणी म्हणून फसला, असे म्हणणे सोपे आहे. पण लाल मण्याच्या रात्री नवऱ्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणत्या माळेत ओवला होता? आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादानुसार, अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मात्र तिला लैंगिक छळाविरुद्ध दाद मागता येते. ही माहिती दिवसांच्या गणिताइतकीच आवश्यक आहे.

म्हणून प्रत्येक वाडीतल्या महिला मंडळाने, विहारातल्या महिला सभेने एक बैठक या विषयासाठी द्यावी. आशाताईंना, परिचारिकेला बोलवावे. मुलगी वयात आली की तिच्या हाती वही द्यावी आणि तारीख लिहायला शिकवावे. त्या बैठकीला नवरेही बसले पाहिजेत. आपण देव्हारे काढले, पण बाईच्या शरीराविषयीची कुजबुज घरातून काढली का, हे ज्याने त्याने तपासावे. तिचे दिवस आजवर इतरांनी मोजले. आता ते तिने मोजावेत आणि त्यांचे काय करायचे, हे तिनेच ठरवावे.