पोलिसांविरुद्धचे गाऱ्हाणे कोणी ऐकावे?

पोलीस ठाण्यात आपल्यावर अन्याय झाला अशी ज्याची तक्रार आहे, त्याने ती घेऊन जावे कोठे? आजवरची वहिवाट अशी की, त्याने त्याच ठाण्यात जावे, नाहीतर वरिष्ठांकडे अर्ज करावा. वरिष्ठ तो अर्ज खाली धाडतात, खालून 'चौकशीअंती तथ्य आढळले नाही' असा शेरा वर जातो आणि कागद दप्तरी दाखल होतो. ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच हाती तपास, ही रीत इतर कोणत्याही आरोपीच्या बाबतीत आपण क्षणभरही चालू दिली नसती.

२०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत घडलेला प्रकार वाचकांच्या स्मरणात असेल. लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीतील मारहाणीत मरण पावला व त्याचे प्रेत आंबोलीस नेऊन जाळण्यात आले, असा आरोप तेथील पोलिसांवरच ठेवण्यात आला. तत्पूर्वी पोलिसांनी सांगितले होते ते हे की, तो पळून गेला! पुढे तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. परंतु तो विभागही अखेर पोलीस खात्याचाच.

अशा प्रसंगांसाठी बाहेरची यंत्रणा हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजीच सांगून ठेवले आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने राज्यात व प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यांच्या प्रमुखपदी निवृत्त न्यायाधीश असावेत, तपासासाठी निवृत्त अन्वेषकांचे साहाय्य घेता यावे आणि कारवाईची शिफारस संबंधितांवर बंधनकारक असावी, असे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. ही मागणी पोलीस खात्यातच हयात घालविलेल्या गृहस्थाने न्यायालयापुढे नेली, हे आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते.

महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला तो २०१४ साली, म्हणजे आठ वर्षांनी. आणि केला तो कसा? न्यायालयाने जिल्हा म्हटले होते; कायद्याने महसुली विभाग धरला. छत्तीस जिल्ह्यांच्या जागी सहा विभाग! सिरोंच्याच्या माणसाने आपले गाऱ्हाणे घेऊन नागपूर गाठावे, अशी ही व्यवस्था. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, अपवादात्मक परिस्थितीत कारणे नमूद करून प्राधिकरणाचा अहवाल फेटाळण्याची मुभा शासनाने स्वतःकडे राखून ठेवली. प्रकरण बड्या अधिकाऱ्याचे निघाले म्हणजे परिस्थिती अपवादात्मक ठरावयास कितीसा वेळ लागणार?

पोलिसांची बाजू आम्ही विसरलेलो नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या, गणेशोत्सवात व निवडणुकीत घर न पाहणाऱ्या शिपायावर सूडबुद्धीने खोट्या तक्रारीही होतात. परंतु खात्याने त्याला निर्दोष ठरविले तर त्यावर विश्वास कोण ठेवतो? 'आपलाच माणूस, वाचविला झाले,' असेच लोक म्हणतात. बाहेरच्या न्यायाधीशाने तोच निर्णय दिला, तर शिपाई ताठ मानेने कामावर जाईल. या प्राधिकरणाला खात्याने विरोध करावा असे त्यात वस्तुतः काहीच नाही.

न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात व कोठडीत कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवण्यास सांगितले. ते चित्रण कोठडीतील मृत्यूच्या प्रसंगी ठाणेदाराच्या हाती राहता कामा नये. प्राधिकरणाने ते त्याच दिवशी ताब्यात घ्यावे. त्यासाठी त्याला स्वतःचे अन्वेषक हवेत, पोलिसांकडून उसने आणलेले नव्हेत. प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचले पाहिजे, आणि अहवाल फेटाळण्याचे कलम तर विधिमंडळाने काढूनच टाकावे. ते तूर्त निघत नसेल, तर फेटाळलेला प्रत्येक अहवाल, शासनाच्या कारणांसह, महिन्याच्या आत सभागृहाच्या पटलावर ठेवावा.