स्टेअरिंग ढिलं झालंय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा



साताऱ्यातल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानाचा अर्धा धंदा एका जुन्या पिकअपवर चालतो. सेकंडहँड घेतली तेव्हा ती ७ वर्षांची होती, आता ११ वर्षांची आहे. पुण्याहून माल आणायचा आणि गावोगावी साइटवर पोहोचवायचा, हे सगळं तिच्यावरच. ती गाडी मी कशी गमवायला निघालो होतो, आणि गाडीसोबत काय काय गेलं असतं, ते आज सांगतो.

आमच्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणतात. गेल्या पावसाळ्याआधी ते मला म्हणाले, "शेठ, स्टेअरिंगला प्ले आलाय, एकदा दाखवून घेऊ." मी म्हणालो, "मामा, या आठवड्यात ऑर्डरी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू." असे तीन आठवडे गेले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की मामांना सुट्टी हवीय.

मग एका संध्याकाळी पुण्याहून पाइप आणि टाइल्सचा माल भरून येताना, खंबाटकी घाट उतरताना एका वळणावर गाडी कठड्याकडे गेली. मामांनी सावरली. घाटाखाली गाडी बाजूला घेऊन त्यांनी फोन केला. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "शेठ, उद्या मी ही गाडी चालवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रिकामी गाडी चालवून बघितली. स्टेअरिंग दोन-तीन बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ताच नाही! मामा तीन आठवडे हेच सांगत होते.

पहिला गॅरेजवाला आणि दुसरा मिस्त्री

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी उभी केल्या केल्या निकाल लागला. "स्टेअरिंग बॉक्स गेलाय. १६ हजार होतील." बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

मामा म्हणाले, आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीला दाखवू. त्या मिस्त्रीने हत्याराला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. कधीपासून होतंय? लोड असताना जास्त की रिकामी असताना? सरळ रस्त्यावर की वळणावर? त्याआधी टायर किंवा पाटे यांचं काही काम केलंय का? मग मला सीटवर बसवलं आणि म्हणाला, स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहा. स्वतः वाकून खाली बघत राहिला.

दोन मिनिटांत उत्तर मिळालं. बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म स्टेअरिंगबरोबर लगेच हलत होता, म्हणजे बॉक्स ठीक. त्याच्या पुढे टाय रॉडच्या टोकाचा जॉइंट मात्र आतल्या आत उड्या मारत होता. दोन्ही बाजूचे टाय रॉड एंड, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून ३,१०० रुपये झाले.

बॉक्स बदलला असता तर १६ हजार गेले असते, आणि प्ले तसाच राहिला असता.

तपासायचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

तुम्हाला मिस्त्री व्हायचं नाही. पण गॅरेजमध्ये जाताना लक्षण नेमकं सांगता आलं पाहिजे. मी आता हा क्रम पाळतो.

१. हवा. चारही टायरची हवा, टायर थंड असताना. पुढच्या चाकात हवा कमी असेल तर स्टेअरिंग जड होतं. एकाच बाजूला कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. याला खर्च जवळजवळ शून्य.

२. टायर. आतल्या किंवा बाहेरच्या कडेनेच झिजलेत का? मग अलाइनमेंट बिघडलंय किंवा कुठला तरी जॉइंट ढिला आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. पण टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं बदलू नका.

३. ब्रेक. ओढ तशीच राहिली तर थोडं चालवून थांबा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर त्या बाजूचा ब्रेक धरून बसलाय. चाकाला हात टेकवू नका, भाजेल.

४. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल आणि बेल्ट. तुमच्या गाडीला असेल तर. ऑइल खुणेपर्यंत आहे का, फेसाळलंय का, कुठे गळतंय का? स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर आधी बेल्ट बघायला सांगा. बेल्ट घसरत असताना पंप बदलून उपयोग नाही. पुस्तकात सांगितलेलंच ऑइल घाला.

५. जॉइंट. मिस्त्रीने केली तशी तपासणी. एकाने स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने बघायचं की हालचाल कुठे हरवते. स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या कपलिंगमध्ये, बॉक्समध्ये, की टाय रॉडच्या टोकाला? जिथे हरवते तिथेच दोष.

६. चाक उचलून. हे मिस्त्रीसमोरच, सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड लावून आणि गाडी घोडीवर ठेवून. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळलं तर हब बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंटवर संशय. डावी-उजवीकडे धरून खेळलं तर टाय रॉडवर.

७. बॉक्स. सगळ्यात शेवटी.

आणि एक. ठराविक वेगालाच स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. बरेचदा तेवढंच असतं.

या तीन गोष्टी करू नका

पहिली, बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले "काढणं". जॉइंटचा प्ले बॉक्स आवळून जात नाही. उलट जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि बॉक्स लवकर झिजतो.

दुसरी, टाय रॉडला किंवा ड्रॉप आर्मला वेल्डिंग. कोणी कितीही स्वस्तात देत असेल तरी नाही. तो जोड तुटला तर हातात फक्त गोल चक्र उरतं.

तिसरी, टाय रॉड एंड बदलून अलाइनमेंट न करणं. ५००-७०० रुपये वाचवायला जाल आणि दोन नवे टायर खाऊन बसाल.

यात धंद्याचं काय?

बीबीएला असताना आम्हाला खर्चाचे प्रकार पाठ होते. पण "पुढच्या आठवड्यात बघू" या वाक्याचा खर्च कुठल्या पुस्तकात नव्हता. तो मी त्या फोनवर शिकलो.

दुसरं म्हणजे, दुकानात विक्री कमी झाली की आपणही पहिल्या गॅरेजवाल्यासारखंच करतो. न बघता महागडा पार्ट बदलतो. नवा बोर्ड, नवं फर्निचर, नवी स्कीम. हालचाल कुठे हरवतेय ते बघा. गिऱ्हाईक दुकानात येतंच नाही, की येऊन भाव विचारून परत जातं? दोन्हीची दुरुस्ती वेगळी आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सेकंडहँड पिकअप घ्यायचा विचार असेल तर वरचा क्रम सौद्याच्या आधी वापरा. आणि लक्षात ठेवा, मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. त्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा आधीच तपासलेलं बरं.

आता आमच्या गाडीत एक शंभर पानी वही असते. मामांना काही वेगळं जाणवलं की तारीख, लोड आणि लक्षण लिहितात. वहीत नोंद आली की त्याच दिवशी गाडी बघायची, ऑर्डर कितीही असू देत. हा नियम मी केला, पण पहिल्या पानावर तो मामांच्या अक्षरात आहे.

तुमच्याकडे गाडी चालवणारा माणूस सध्या काय सांगतोय? आज संध्याकाळी त्याला एकदा विचारा.